सर, तुमची पाटी रिकामी होती

सर,

तुम्ही गेल्याला आता बारा वर्षं होतील. या बारा वर्षांत मी तुमच्याबद्दल एक वाकडा शब्द काढला नाही आणि माझ्यासमोर दुसऱ्या कुणाला काढू दिला नाही. आपल्या पनवेलच्या कचेरीतले जुने लोक अजून कधीमधी भेटतात, कुणी भाजीबाजारात, कुणी बँकेच्या रांगेत, आणि बोलणं फिरून तुमच्यावर आलं की मी न नेमलेली तुमची वकील होते. मागच्या मंगळवारपासून मात्र मी तुम्हाला मनातल्या मनात अशा शिव्या घालते आहे की करंजाच्या बंदरावरच्या बायकांनीही कानांवर हात ठेवावेत. त्यांचे कान काही फार नाजूक नसतात, हे तुम्हाला माहीत आहे.

झालं असं की कंपनीकडून एक जाड पाकीट आलं. ज्या वृत्तपत्रात तुम्ही तीस वर्षं घातलीत आणि मी एकवीस, ती आपली कंपनी आता दुसऱ्या एका मोठ्या कंपनीने विकत घेतली आहे, आणि ज्यांच्याकडे तिचे जुने शेअर पडून आहेत त्यांनी ते परत करून मिळतील ते पैसे घ्यावेत, असा एकूण मजकूर. मराठी इतकं भयंकर की तुम्ही तो कागद लाल पेनाने रक्तबंबाळ केला असतात. नीट समजावं म्हणून मी शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर कंपनीच्या जुन्या घोषणा उघडून बसले आणि खाली खाली जात राहिले. सोळा वर्षं मागे गेल्यावर एक यादी दिसली. कंपनीच्या मोठ्या अधिकाऱ्यांनी स्वतःकडचे शेअर विकले की ते कायद्याने जाहीर करावं लागतं, तशी ती यादी. शेवटच्या ओळीत तुमचं नाव होतं. त्यापुढे दोन रकाने होते, किती विकले आणि विकल्यानंतर किती उरले. उरले त्या रकान्यात शून्य. मग मी तारीख वाचली आणि हातातला चहाचा कप बशीत ठेवायचा तो की-बोर्डवर ठेवला.

त्या तारखेकडे मी येणारच आहे. पण मी मधूनच सुरुवात केली की तुम्ही म्हणायचात, 'आधी कोण, कुठे, काय ते सांग, मग रड.' तर पहिल्यापासून सांगते.

मी डेस्कवर आले तेव्हा बावीस वर्षांची होते. करंजाहून उरणला, उरणहून एसटीने पनवेलला. कोळ्याची मुलगी पेपरात लागली म्हणून आमच्या आळीत कौतुक होतं. कपड्यांना सुक्या मासळीचा वास येत असेल या धास्तीने मी घरून निघताना एकदा आणि पनवेलच्या स्टँडवर एकदा अशी दोनदा पावडर लावायचे. पहिल्याच दिवशी तुम्ही माझ्या खुर्चीपाशी थांबलात आणि म्हणालात, 'उद्यापासून पावडर निम्मी कर. आमच्या ऑपरेटरला शिंका येतायत.' सगळे हसले, मीही हसले, आणि त्या दिवसापासून मला त्या खोलीत श्वास घेता यायला लागला. हे तुम्ही माझ्यासाठी केलंत, आणि ते नाकारायला मी आज बसलेले नाही.

दुसऱ्या महिन्यात तुम्ही मला झाडलंत. एका शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाची बातमी मी लिहिली होती. पाहुणे कोण, हार कुणी घातला, भाषणात काय म्हणाले, आणि अगदी शेवटच्या ओळीत, त्या बांधकामावर काम करताना वरून पडून गेलेल्या कातकरी मजुराच्या बायकोला अजून काहीच मिळालेलं नाही. तुम्ही कॉपी हातात घेऊन उभे आहात. चष्मा कपाळावर. सगळं डेस्क ऐकतंय. 'बातमी खालून कापतात, हे तुला कुणी सांगितलं नाही? जाहिरात आली, जागा कमी पडली, की मी वाचत बसणार नाही. शेवटच्या ओळी उडवणार. वाचायची गरजच नसते, कारण लिहिणाऱ्याने महत्त्वाचं वर ठेवलेलं असतं, हा आपला आपसातला विश्वास आहे. तू माणूस खाली ठेवलास. म्हणजे तो एकदा इमारतीवरून पडून मेला, आणि दुसऱ्यांदा माझ्या हातून मेला असता.' मी संडासात जाऊन रडले. बाहेर आले तेव्हा बातमी तुम्ही स्वतः पुन्हा लिहून काढली होती, मजूर पहिल्या ओळीत, आणि वर माझं नाव. आयुष्यात छापून आलेलं माझं पहिलं नाव ते.

पुढे मी कायम झाले तेव्हा तुम्ही मला छापखान्यातून मागून आणलेली लोखंडी पट्टी दिलीत, कॉलमच्या मापाची. साडी नाही, पेढे नाहीत, पट्टी. आई म्हणाली, 'तुजा सायब मारतंय काय गो पोरींना?' तिला समजावून सांगताना मला केवढा अभिमान वाटला होता. माझे वडील मी कॉलेजात असताना गेले. त्यानंतर कुणी मला काही शिकवतंय, चुकलं तर ओरडतंय आणि जमलं तर लक्षात ठेवतंय, असं एकच माणूस होतं. मी तुमच्याकडे बापासारखं बघत होते, सर. तोंडावर कधी म्हटलं नाही, तर आज म्हणते.

मग कंपनीचे शेअर बाजारात आले. नोकरांसाठी वेगळा वाटा होता. तुम्ही आम्हाला सगळ्यांना गोळा करून सांगितलंत की जो पेपर आपण काढतो तो थोडा आपलाही असला पाहिजे, मालकांच्या घराण्याचाच कशाला. मी ते घरी जाऊन आईला जसंच्या तसं ऐकवलं. वडिलांची होडी विकून आलेले पैसे तिने बँकेत ठेवले होते, त्यातल्या रुपयालाही ती हात लावत नसे, बँकेच्या माणसाने व्याज सांगितलं तरी तिला ते ऐकायचं नसायचं. 'होरी इकून कागद घ्यावचा?' असं तिने एकदाच विचारलं. मी म्हटलं, सर घेतायत. मग तिने बँकेचं पासबुक काढून माझ्या हातात दिलं. शेअर माझ्या नावाचे, पैसे तिचे, असं ते झालं.

तीन-चार वर्षं भाव चढत राहिला आणि माझी घरात पत वाढली. धाकटा भाऊ तेव्हा दुसऱ्यांच्या होड्यांवर खलाशी म्हणून जायचा. अंगाने दांडगा, पोटात दर्याची ओढ, आणि एकच स्वप्न, आपली होडी. आळीतले एक म्हातारे आपली होडी विकायला निघाले होते, इंजिन चांगलं, जाळ्यांसकट. नारळी पौर्णिमेपर्यंत पैसे दिले तर तुझी, म्हणाले. भावाने इसार दिला. आई म्हणाली, आता कागद विकू या. मी म्हटलं, सरांना विचारते. तुम्ही तोवर कंपनीच्या संचालक मंडळावर गेला होतात, मुंबईत मोठ्या कचेरीत बसायचात, पनवेलला फक्त बुधवारी पुरवणीवर नजर टाकायला यायचात. मी फोन केला तेव्हा तुम्ही म्हणालात, 'फोनवर नको. मी रविवारी येतो. आईंशी मी बोलतो.'

तो रविवार मला आजही लख्ख दिसतो. नारळी पौर्णिमेच्या आधीचा. आळीत होड्यांना रंग चाललाय, सगळीकडे तेलाचा आणि रंगाचा वास. आईने तुमच्यासाठी सुरमई आणली आहे, कारण तुम्ही देशावरचे, तुम्हाला काटे काढता येत नाहीत. एरवी ती सुरमई विकायची, खायची नाही. तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसला आहात, तांदळाची भाकरी हाताने मोडताय, आणि आई चुलीपाशी बसून तुमच्याकडे असं बघतेय की जणू जावई आलाय. भाऊ दारात जाळ्याचा गुंता सोडवत बसलाय, पण कान आत. तुम्ही सांगताय की आता विकणं म्हणजे वेडेपणा, दिवाळीपर्यंत थांबा, दिवाळीला एका होडीच्या जागी दीड होडी येईल. भाऊ म्हणतो, 'सायब, होरीवाला दिवालीपतोर थांबनार नाय.' तुम्ही म्हणता, 'दुसरी मिळेल. होड्या काय संपतात?'

आणि मग आई बोलते. ती तुम्हाला म्हणाली, 'सायब, मना त्या कागदाचा काय कलत नाय. मी मावरं इकनारी बाय. पन आमच्या बंदरावं येक रीत हाय. बाजूची बाय बोलली, थांब गो, भाव चढंल, का आदी तिची मासलीची पाटी बगायची. तिची पाटी भरलेली असंल तं थांबायचं. रिकामी असंल तं तिचा आयकायचा नाय. तुमची पाटी भरलेली हाय ना?' मला लाज वाटली. एवढ्या मोठ्या माणसाला हे काय विचारते, म्हणून मी 'आई!' असं ओरडलेसुद्धा. तुम्ही हसलात. भाकरीचा तुकडा बाजूला ठेवून तुम्ही तिला म्हणालात, 'भरलेली आहे, आई. तुमच्या पाटीला लागूनच माझी पाटी आहे.'

आता तारीख. यादीत तुमच्या नावापुढे जी तारीख आहे तो त्या रविवारच्या आधीचा शुक्रवार आहे. मी तीनदा कॅलेंडर उघडून बघितलं, नारळी पौर्णिमा कधी होती तेही शोधलं. शुक्रवारी तुम्ही शेवटचा शेअर विकलात, आणि रविवारी माझ्या आईच्या हातची सुरमई खाऊन तिला सांगितलंत की पाटी भरलेली आहे. दोन दिवस झाले होते, सर. विसरलात म्हणावं तर तेवढाही वेळ गेला नव्हता. केसाने गळा कापणं म्हणतात ते काय असतं ते मला वयाच्या पन्नाशीत कळलं.

पण माझा खरा संताप पुढच्या बुधवारचा आहे. तळोजा, रसायनीकडे कारखाने आहेत म्हणून आपल्या पुरवणीत उद्योगांचं एक पान असायचं आणि ते मी लावायचे. त्यात कंपन्यांच्या घोषणांचा एक रकाना. आपल्या कंपनीची घोषणा असली तरी ती घ्यायची, नाहीतर लोक म्हणतील स्वतःचं झाकतात, हा नियम तुमचाच. त्या बुधवारी हीच यादी छापून माझ्या टेबलावर आली होती. वर मालकांच्या घराण्यातल्या दोघांनी आपापसात शेअर इकडचे तिकडे केल्याची चार ओळींची नोंद, आणि त्याखाली अधिकाऱ्यांची नावं, किती विकले, किती उरले. मी वाचायला घेतलं आणि तुम्ही मागे येऊन उभे राहिलात. घड्याळ बघितलंत. 'टायरच्या दुकानाची जाहिरात वाढली आहे, जागा नाही. वरच्या चार ओळी घे, बाकी खालून काप.' तुमचा आवाज नेहमीसारखा होता. मी पट्टी लावली, माप घेतलं आणि खालचं उडवलं. वाचलं नाही. वाचायची गरजच नव्हती ना, वर महत्त्वाचं असतं हा आपला आपसातला विश्वास! दुसऱ्या कुठल्याही धंद्यातल्या बाईने तो कागद शेवटपर्यंत वाचला असता. किराणा दुकानदार बिल खालून वाचतो, आई पाटीत तळाचे मासे आधी उलटून बघायची. मीच तेवढी वरून वाचणारी, कारण तुम्ही शिकवलं होतंत. तुमचं नाव तुम्ही माझ्याच हाताने कापून घेतलंत, आणि जाताना 'पान छान लागलंय' असं म्हणून गेलात.

पौर्णिमा झाली, होडी दुसऱ्याने नेली, इसार बुडाला. भाऊ म्हणाला, दिवाळीची वाट बघू. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस कंपनीने तोटा जाहीर केला, जिल्ह्याच्या आवृत्त्या बंद, त्यात आपली पुरवणीही बंद, आणि मला मुंबईच्या कचेरीत हलवलं. हे सगळं ठरत होतं तेव्हा तुम्ही त्याच टेबलाभोवती बसत होतात, हे मला तेव्हाही माहीत होतं, पण मी स्वतःला समजावलं की सर एकटे काय करणार. शेअर असा कोसळला की विकायला जायचं तिकीट महाग पडावं. आमच्या डेस्कवरच्या सगळ्यांचेच गेले, तुमच्या शब्दावर सगळेच थांबले होते. भाऊ उरणच्या एका कंटेनर यार्डात ठेकेदाराकडे लागला. खोके मोजायचे, साखळ्या आवळायच्या. तो गेली सोळा वर्षं तेच करतो आहे.

आणि त्या भाऊबीजेला तुम्ही पुन्हा करंजाला आलात. मला वाटतं हे तुम्ही केलं नसतंत तर कदाचित मी तुम्हाला माफ केलं असतं. तुम्ही आमच्या ओटीवर बसलात, पाणीसुद्धा घेतलं नाहीत, आणि म्हणालात, 'आई, माझेही गेले. मीही तुमच्याबरोबर बुडालो.' तुमच्या डोळ्यांत पाणी होतं, मी स्वतः बघितलं. आई उठली. जन्मात तिने परक्या पुरुषाला हात लावला नव्हता, तिने तुमच्या पाठीवर हात ठेवला. 'जाव द्या, सायब. दर्या नेतंय, दर्याच देतंय. तुमी जिवाला लावून घेव नको.' मग आत जाऊन सुके बोंबील आणि सोडे बांधून आणले. 'बिचाऱ्याचा पन गेला' असं म्हणत ती त्यानंतर दोन वर्षं, तुम्ही निवृत्त होईपर्यंत, दर महिन्याला माझ्या हाती तुमच्यासाठी काहीतरी पाठवत राहिली. आमच्या घरात तेव्हा दोन वेळच्या म्हावऱ्याची मारामार होती. आणि तुम्ही ते डबे घेत राहिलात. धुऊन परत द्यायचात, आत थोडी साखर घालून, रिकामा डबा देऊ नये म्हणून. एवढी रीत तुम्हाला ठाऊक होती.

शेअर विकलेत याचा मला राग नाही. तुमचे होते, तुम्ही विकलेत. त्याच वर्षी तुमचा मुलगा शिकायला बाहेर गेला, पुढच्या वर्षी तुम्ही नवीन पनवेलात घर घेतलंत. माणसाला गरजा असतात. तुमच्या बाजूने मी चार दिवस वाद घातला, जुनी सवय. संचालकाला आतली गोष्ट बाहेर सांगायला कायद्याने बंदी असते, हेही मी स्वतःला सांगून बघितलं. ठीक. मग गप्प बसायचं होतं. फोनवर 'मला सांगता येत नाही' एवढं म्हणायचं होतं, मी मूर्ख असले तरी तेवढ्यावरून समजले असते, आणि माझ्या भावाची होडी पौर्णिमेला पाण्यात उतरली असती. गप्प बसायला कुठल्याच कायद्याची आडकाठी नव्हती. तुम्ही मुद्दाम एसटीने उरणपर्यंत येऊन, तिथून रिक्षा करून, आमच्या घरी खोटं बोलायला आलात. का? हे मला कळत नाही. आम्ही सगळ्यांनी विकायला काढले असते तर तुमच्यावर बोट आलं असतं, म्हणून? की तुम्ही ज्याला भाकरीवर हात ठेवून थांब म्हणता तो थांबतो, हे तुम्हाला एकदा बघायचं होतं? मेलेल्या माणसाला प्रश्न विचारायचे आणि उत्तरंही आपणच द्यायची, यात माणूस स्वतःलाच फसवतो, म्हणून मी उत्तर देणार नाही.

आई चार वर्षांपूर्वी गेली. जायच्या आधी महिनाभर तिला जुनं जुनं आठवायचं, त्यात तुम्हीही यायचात. 'तुजा सायब रडला गो आपल्या वटीवं,' म्हणायची. ती गेली ते तुम्ही चांगला माणूस होतात असं मानून गेली. हे बरं झालं की वाईट, मला ठरवता येत नाही.

मी काल भावाकडे गेले. कंपनीच्या पत्रावर सही करायची, येतील ते पैसे त्याला द्यायचे, हे तर होतंच. पण खरं म्हणजे सांगायला गेले. यादी छापून घेतली होती, पर्समध्ये घडी करून ठेवली होती. पनवेलजवळच्या करंजाड्याला मी आता राहते, तिथून निघाल्यापासून मी वाक्य जुळवत होते. त्याला सांगायचंच होतं, कारण सोळा वर्षं तो म्हणत आलाय की आपल्या नशिबाने होडी गेली. नशिबाने नाही, एका माणसाने घालवली, हे त्याला कळायला हवं. त्याचा तो हक्क आहे, असं मी बसमध्ये स्वतःला बजावलं.

भाऊ रात्रपाळी करून उठला होता, कमरेला पट्टा बांधून ओट्यावर बसला होता. यार्डात काम करून त्याची कंबर गेली आहे. वहिनीने चहा आणला. मी म्हटलं, सरांची आठवण येते का तुला? नुसतं तोंड उघडायला म्हणून. तो हसला. 'येते तं. ताय, येक सांगू? तवा मना लय राग आलता. वाटलं, सगला सोरून कुटंतरी जाव. मंग सायब आला, हितंच बसला, न् पोरासारका रडला. येवरा मोटा मानूस, त्याचा पन गेला. तवा मना वाटलं, आपुन येकले नाय बुडालो. तवाच मी दुसऱ्या दिशी यार्डात गेलो कामाला. नायतं नसतो गेलो.'

माझा हात पर्समध्ये होता. कागद बोटांना लागत होता. तेवढ्यात तो म्हणाला, 'न् तू पन मनाला लावून घेव नको, ताय. मना म्हाईत हाय, तू आजून झुरतेस. तुजी काय चूक? तुला काय ठाव व्हतं?'

मी तुम्हाला लिहिणार होते की भावाच्या आधाराला धक्का लागू नये म्हणून मी गप्प राहिले. तीन वेळा तसं लिहून खोडलं. ऐकायला चांगलं वाटतं, तुमच्या तोंडी शोभलं असतं. तुमच्या मुलाचा पत्ता माझ्याकडे आहे, त्यालाही हे पत्र जाणार नाही, तेव्हा निदान इथे तरी खरं लिहावं. तो कागद काढला असता तर भावाने पहिला प्रश्न हाच विचारला असता की हा कागद तेव्हा कुठे होता, आणि मला सांगावं लागलं असतं की माझ्या टेबलावर होता, होडीच्या इसाराचे दिवस अजून उरले होते, आणि शेवटची ओळ वाचायला मला अर्धं मिनिट लागलं असतं.

मी पर्स बंद केली. 'नाही रे,' म्हटलं, 'मला खरंच काही माहीत नव्हतं.' त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि सर, मला फार बरं वाटलं.